एलीयाची भाकर

सह्याद्रीत चालायला शिकलेल्या पायांना मेघालय उलटं वाटतं. आपल्याकडे आधी चढण असते. हरिश्चंद्रगड असो की कळसूबाई, सकाळच्या ताज्या दमात आपण वर जातो. दुपारी उतरताना गुडघे कुरकुरले तरी आता खालीच जायचंय, हा धीर असतो. सोहऱ्याला, म्हणजे शाळेत आपण चेरापुंजी म्हणून पाठ केलेल्या गावी, माणूस आधीच पठारावर उभा असतो. रस्ता वर, जंगल खाली. तिरना गावात गाडी सोडून देते आणि तिथून सिमेंटच्या अरुंद पायऱ्या दरीत उतरायला लागतात. नोंगरियाटपर्यंत तीन-साडेतीन हजार पायऱ्या, असं तिथे कुणीही सांगतं. उतरताना आपण दमतोय हे कळतच नाही. कळतं ते तळाशी पोचल्यावर, आणि परतीची सगळी चढण तेव्हा डोक्यावर उभी असते.

मी तिथे एकटीच गेले होते. सप्टेंबर संपत आला होता, पाऊस ओसरत होता, पण दगडांवरचं शेवाळ ओलं होतं आणि जळवा अजून जाग्या होत्या.

मी अहिल्यानगरची. आमच्याकडे वर्षाला सहाशे मिलीमीटरही पाऊस पडला तरी साल बरं गेलं म्हणतात. सोहऱ्याची सरासरी अकरा हजारांच्या वर आहे, आणि ऑगस्ट 1860 ते जुलै 1861 या बारा महिन्यांत तिथे 26,461 मिलीमीटर पाऊस पडला, तो विक्रम आजही मोडलेला नाही. पावसाची वाट बघत म्हातारी झालेली माणसं मी घरात पाहिली आहेत. माझ्या आईची प्रत्येक प्रार्थना पावसापाशी येऊन थांबायची, मग ती कुणाच्या लग्नासाठी असो की ऑपरेशनसाठी. 1831 साली अमेरिकन मराठी मिशनने नगरला ठाणं केलं. आमचं घराणं त्यानंतर केव्हातरी ख्रिस्ताकडे आलं. तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या रविवारची उपासना, नाताळचं भजन, शुभ शुक्रवारचा उपास, यातच वाढलेली माणसं आम्ही. विश्वास ही मला कमवावी लागलेली गोष्ट नव्हती. ती घरात होतीच.

आई अंथरुणाला खिळली तेव्हा रात्रीचं सगळं माझ्याकडे होतं. कूस बदलणं, पाठीला पावडर लावणं, नळीतून पाणी, औषधांच्या वेळा. दिवसा नोकरी. भाऊ पैशाचं बघायचा, वहिनी दुपारचं. मंडळीतली, म्हणजे आमच्या चर्चमधली, माणसं भेटायला यायची, आणि खरंच मायेने यायची. प्रार्थना करायची, एखादा उतारा वाचायची आणि निघताना माझा हात हातात घेऊन म्हणायची, “विश्वास सोडू नकोस हं. प्रभू सामर्थ्य देतो.” एकदा संध्याकाळच्या प्रार्थनेत मला बसल्या बसल्या डुलकी लागली. डोळे उघडले तर समोरचं कुणीतरी हळूच हसत म्हणालं, “एक तासही जागं राहवलं नाही का गं?” गेथशेमाने बागेत, अटकेच्या रात्री, झोपी गेलेल्या शिष्यांना येशूने म्हटलेलं वाक्य. त्या माणसाला टोचायचं नव्हतं, हे मला तेव्हाही समजलं. पण ते वाक्य माझ्या अंगात कुठेतरी खोल जाऊन बसलं. आई गेल्यावर सगळं नीट पार पडलं, पत्रिका छापल्या, स्मरणार्थ उपासना झाली, आणि मग माझी प्रार्थनाच बंद पडली. राग नव्हता, शंकाही नव्हती. डोळे मिटले की आत काहीच हलायचं नाही. मला वाटायचं, हे पाप असणार.

भाऊच म्हणाला, कुठेतरी जाऊन ये. मी जंगल निवडलं. डोंगरावर देव भेटतो ही आपली जुनी समजूत, आणि ख्रिस्ती माणसाच्या मनात तर सीनाय, होरेब, जैतूनाचा डोंगर अशी रांगच असते. एवढ्या हिरव्या जागी तरी शब्द फुटतील अशी आशा होती.

पायऱ्या सुरुवातीला सुपारीच्या बागांतून जातात. मध्येच फणस, तेजपत्त्याची झाडं, त्यांच्या खोडांवरून चढलेले मिरीचे वेल. हे सगळं जंगलच वाटतं, पण त्यातलं बरंचसं कुणाच्या तरी मालकीचं आणि रोजच्या राबत्यातलं आहे. थोडं खाली गेलं की झाडी दाटते आणि पायवाटेच्या दोन्ही बाजूंना तळहाताएवढे कोळी आपापल्या जाळ्यात मधोमध बसलेले दिसतात. त्यांच्या जाळ्याचा धागा उन्हात सोनेरी चमकतो. नोंगथिम्माईजवळ मुळांचा पहिला पूल लागतो, मग लोखंडी तारांचे झुलते पूल, एका वेळी एकदोन माणसांनी जायचे. खाली नदी निळी. मोठमोठ्या धोंड्यांमधून तिचं पाणी इतकं स्वच्छ वाहतं की खोलीचा अंदाज येत नाही.

वाटेत माणसं भेटत राहतात. पाठीवर बांबूची निमुळती टोपली, तिला ते ‘खोह’ म्हणतात, आणि तिचा सगळा भार कपाळावरून घेतलेल्या पट्ट्यावर. कुणाच्या खोहात तांदूळ, कुणाच्या गॅसची टाकी, कुणाच्या सिमेंट. गावात जी म्हणून वस्तू आहे ती अशी कुणाच्या तरी कपाळावरून उतरलेली आहे. ही माणसं ठरलेल्या जागी थांबतात. टोपली दगडी कट्ट्यावर टेकवतात, क्वाय खातात, म्हणजे चुना लावलेलं पान आणि ओली सुपारी, दोन शब्द बोलतात आणि उठतात. थांबताना त्यांच्या चेहऱ्यावर कसलीही शरम नसते. हे मी तेव्हा नुसतं पाहिलं.

नोंगरियाटचा दुमजली पूल आता सगळ्या जगाला माहीत झालाय. 2022 मध्ये हे जिवंत पूल युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीतही गेले. तरी तो कसा होतो हे सांगायलाच हवं. नदीकाठी रबराचा वड असतो. त्याची हवेत लोंबणारी कोवळी मुळं सुपारीच्या पोकळ केलेल्या खोडातून पलीकडच्या काठाकडे वळवतात. मूळ वाढत वाढत पलीकडे पोचतं, मातीत शिरतं, जाड होतं. त्याला दुसरी मुळं गुंफतात, फटींत दगड बसवतात. माणसाचा भार पेलायला पंधरा-वीस वर्षं, कधी त्याहून जास्त. या पावसात बांबू कुजतो, लाकूड कुजतं. झाड जगतं आणि वयाबरोबर पूल बळकट होत जातो. खाली वाकून हात लावला तर मुळांवर पावलांनी झिजून आलेली गुळगुळीत साल लागते, आणि बोटभर बाजूला त्याच मुळाला नवा कोंब फुटलेला. मला रेव्हरंड नारायण वामन टिळक आठवले. आमच्या नगरचेच म्हणायचे ते. 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, पण त्यांच्या कामाची बरीच वर्षं नगरला गेली. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असं ते म्हणत. आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, आजही पेटी-तबल्यावर त्यांची भजनं होतात आणि त्यांतला अभंगाचा ठेका देहू-आळंदीचाच असतो. जो पूल आपण बांधला नाही त्यावरून चालण्यात कमीपणा नाही, असं त्या मुळांवर उभं राहून वाटलं. पण प्रार्थना तिथेही आली नाही.

गावात बॅग टाकून मी रेनबो फॉल्सला निघाले. नोंगरियाटच्या पुढे तास-दीड तासाची वाट, पण पायऱ्यांचा धर्म संपतो आणि मुळं, निसरडे दगड, चिखल सुरू होतो. दमट हवेत घाम वाळतच नाही. धबधबा पाहिला. उन्हाची तिरीप आली तेव्हा पाण्याच्या तुषारांत इंद्रधनुष्यही उमटलं. सुंदर होतं, आणि माझ्या आत काहीही झालं नाही.

परत येताना पाय संपले. दुखत होते असं नाही, संपले. मांड्या थरथरायला लागल्या, आणि साध्या वीतभर उंचीच्या दगडावर पाऊल ठेवून अंग वर उचलायचं म्हटलं तर उचलेना. पाण्याची बाटली रिकामी, कानात रातकिड्यांचा एकसुरी आवाज, मोज्यातून रक्त आलेलं, म्हणजे जळू आपलं काम करून गेली होती. मी वाटेतच खाली बसले. बायबलातल्या स्तोत्रसंहितेत 120 ते 134 अशी पंधरा आरोहण स्तोत्रं आहेत, यरुशलेमेला चढून जाणारे यात्रेकरू गायचे ती. लहानपणी आईने त्यातलं एकशे एकविसावं पाठ करून घेतलं होतं, डोंगरांकडे डोळे लावून साहाय्य कुठून येईल असं विचारणारं. ते म्हणायला गेले आणि दुसऱ्या ओळीवर अडले. आयुष्यभर तोंडात असलेली ओळ. मग मी रडले. आई गेल्यावर पहिल्यांदा असं मोकळं रडले, आणि त्यातही देव आठवून नव्हे, पाय उचलत नाहीत म्हणून.

मागून एक बाई आल्या. पन्नाशीच्या असाव्यात, खोहात तेजपत्त्याच्या फांद्या. तिकडे मोठ्या बहिणीला, वयाने मोठ्या बाईला ‘कोंग’ म्हणतात. या कोंगना हिंदी जेमतेम येत होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, टोपली टेकवली आणि शेजारी बसल्या. काय झालं हे विचारलं नाही. कमरेच्या पिशवीतून क्वाय काढून दिलं. त्याने अंगात एकदम ऊब येते, कपाळाला घाम फुटतो. मग माझ्या खांद्यावरची पिशवी काढून स्वतःच्या खोहावर ठेवली आणि हाताने खूण केली, चला. चालताना दर थोड्या वेळाने त्या थांबायच्या. त्यांना थांबायची गरज नव्हती.

त्यांचं घर गावात शिरता शिरताच होतं. चुलीपुढे बसवलं. ताटात ढीगभर भात, पातळ डाळ, उकडलेलं अंडं, काळ्या तिळाची चटणी. मी आभार मानायला तोंड उघडलं तर म्हणाल्या, “पहले खाओ. फिर सो जाओ.” मी खाल्लं. तिथेच भिंतीला टेकून झोपले. जाग आली तेव्हा अंधार पडला होता, अंगावर शाल होती, आणि कोंगनी पुन्हा ताट पुढे केलं. दुसऱ्यांदा.

त्या दुसऱ्या ताटाने मला एलीया आठवला.

बायबलातल्या पहिल्या राजे या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायातली ही गोष्ट आम्ही ख्रिस्ती लोक लहानपणापासून ऐकतो. कर्मेल डोंगरावर देवाचा अग्नी उतरताना पाहिलेला, बआल या परक्या दैवताच्या संदेष्ट्यांवर मोठा विजय मिळवलेला संदेष्टा एलीया, ईजबेल राणीच्या एका धमकीने जीव घेऊन पळतो. नोकराला बैरशेब्यात ठेवून एकटा रानात शिरतो, एका झुडपाखाली बसतो आणि देवाला म्हणतो, आता पुरे, माझा जीव घे. पुढचं प्रवचन सगळ्यांना पाठ आहे: होरेब डोंगर, सोसाट्याचा वारा, भूकंप, अग्नी, आणि शेवटी तो शांत, मंद वाणीचा आवाज. मी ऐकलेली जवळपास सगळी प्रवचनं त्या मंद वाणीकडे धावत गेली. मधल्या तीनचार ओळींवर कुणी थांबलं नाही. त्या ओळींत एलीया झोपतो. देवदूत त्याला स्पर्श करून उठवतो आणि खायला सांगतो. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. तो खातो, पितो आणि परत झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा येतो, परत खायला घालतो, आणि कारण सांगतो: पुढची वाट तुला झेपायची नाही.

देवदूत त्याला विश्वासाबद्दल एक अक्षर विचारत नाही. कर्मेलवर अग्नी पाहिलेला माणूस तू, आणि असा कसा खचलास, असं म्हणत नाही. वाट तुझ्या ताकदीपेक्षा मोठी आहे, हे देवदूत स्वतःच कबूल करतो. “इथे काय करतोस, एलीया?” हा देवाचा प्रश्न येतो तो दोनदा जेवण, दोनदा झोप आणि चाळीस दिवसांची चाल झाल्यानंतर. आधी नाही.

मी चुलीपुढे बसून भात खात होते आणि माझ्या डोक्यात हे सगळं एकामागून एक जागेवर बसत होतं. मग गेथशेमानेही आलं, यायलाच हवं होतं. एक तास जागं राहवलं नाही का, हा प्रश्न मत्तय आणि मार्क दोघांच्याही शुभवर्तमानात आहे. पण मार्क आणि मत्तय त्याच ठिकाणी येशूच्या तोंडून हेही सांगतात की आत्मा उत्सुक आहे, देह अशक्त आहे. लूक, ज्याला परंपरा वैद्य मानते, तो तर शिष्य का झोपले हेही लिहून ठेवतो: दुःखामुळे. हे शब्द मी किती वेळा वाचले असतील, पण रोग्याच्या उशाशी बसलेली मी कधी त्यांच्यात स्वतःला बसवलंच नव्हतं. आणि स्वतः येशू? योहानाच्या चौथ्या अध्यायात तो सुखार गावच्या विहिरीवर बसतो, ऐन दुपारी, कारण प्रवासाने दमलेला असतो. तिथे आलेल्या शोमरोनी बाईकडे पाणी मागतो. होडीत, वादळ घोंघावत असताना, उशी घेऊन झोपतो. देव माणूस झाला असं आम्ही दर रविवारी म्हणतो. त्या म्हणण्यात देव दमला हेही आलं.

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मी ठामपणे म्हणते: दमणं म्हणजे अविश्वास नव्हे. आमच्या मंडळ्यांमध्ये हे दोन वेगळे राहिलेले नाहीत. दमलेल्या माणसाला आपण वचन देतो, भाकर देत नाही. वचन खोटं असतं असं नाही, पण देवाने स्वतः जो क्रम पाळला तो आपण उलटा करतो. घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असलं की त्याची सेवा करणारी, बहुतेक वेळा एखादी मुलगी, सून किंवा बायको, वर्षानुवर्षं अर्धवट झोपेवर जगते. तिची प्रार्थना थांबली तर आधी विचारावं की ती शेवटची सलग सहा तास कधी झोपली.

दुसऱ्या दिवशी त्या पायऱ्या मी चढले. खोहवाल्यांच्या कट्ट्यांवर, ते थांबतात तिथे तिथे थांबून. तिरनाला पोचायला तरुण पोरांच्या दुप्पट वेळ लागला असेल. स्तोत्र पूर्ण आठवलं, पण मोठ्याने म्हणण्याएवढा श्वास नव्हता, म्हणून मनातच, एका कट्ट्याला एक ओळ.

रविवारी सोहऱ्याच्या नोंगसॉलिया देवळात गेले. खासी हे इथले मूळ लोक. त्यांच्या टेकड्यांतली पहिली प्रेस्बिटेरियन, म्हणजे प्रोटेस्टंटांतल्या एका पंथाची, मंडळी 1846 मध्ये इथे उभी राहिली. त्याआधी पाच वर्षं, 22 जून 1841 ला, ऐन पावसात, थॉमस जोन्स नावाचा वेल्श तरुण बायकोसह इथे पोचला होता. सुताराचा मुलगा. त्याने खासी भाषा वेल्श वळणाच्या रोमन अक्षरांत लिहायला घेतली. आधी बंगालमधल्या श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांनी बंगाली लिपीचा प्रयत्न केला होता, तो रुजला नाही. त्याने लोकांना सुतारकाम शिकवलं, चुन्याच्या भट्टीत कोळसा वापरायला शिकवलं. पुढे मिशनशी त्याचं बिनसलं, इथल्या एका बलाढ्य गोऱ्या व्यापाऱ्याशी वैर झालं, आणि 1849 मध्ये वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी तो कलकत्त्यात मलेरियाने गेला. खूप दमला असणार तो. त्याला कुणी भाकर दिली की नाही, हा विचार मला त्या बाकावर बसून छळत राहिला.

अर्थात सगळे खासी ख्रिस्ती नाहीत. आपला जुना धर्म जपणाऱ्यांनी 1899 मध्ये सेंग खासी ही संस्था काढली, ती आजही जोमात आहे. आणि मुळांचे पूल वळवण्याची विद्या तर मिशनच्या कितीतरी आधीची. माझ्या कोंग कोणत्या धर्माच्या, हे मी विचारलं नाही. देवदूताला कुणी मंडळीचा दाखला मागत नाही.

उपासनेत गाणं सुरू झालं. पेटी नाही, तबला नाही. बायकांचे दोन सूर, पुरुषांचे दोन, आणि चारही सूर एकमेकांना धरून असे उभे राहिले की लाकडी बाक थरथरलं. गीताचं पुस्तक शेजारच्या आजींनी माझ्याकडे सरकवलं. अक्षरं रोमन, म्हणून मला वाचता येत होती. अर्थ एका शब्दाचाही कळत नव्हता. मी गायले, पहिल्या कडव्यापासून शेवटपर्यंत, आणि ती माझी प्रार्थना होती याबद्दल मला तेव्हा शंका नव्हती, आताही नाही.

नगरला परतल्यावर महिला मंडळाच्या बैठकीत मी एलीयाचा तो अध्याय वाचला आणि नेहमीच्या जागी न जाता भाकरीपाशी थांबले. बोलणं लांबलं नाही. आमच्या मंडळीत सध्या तीन घरांत अंथरुणाला खिळलेली माणसं आहेत. त्यांच्याकडे प्रार्थनेला जायचंच, पण त्याआधी रात्रीचा डबा पोचवायचा आणि आठवड्यातून एक रात्र कुणीतरी तिथे झोपायला जायचं, म्हणजे घरातली बाई दुसऱ्या खोलीत दार लावून झोपेल, असं ठरलं. वहीत वारांप्रमाणे नावं लिहून झाली आहेत. स्टेशन रोडच्या घरी डायबेटीस आहे, तिथे ज्वारीची भाकरी आणि पालेभाजी. मंगळवारची रात्र अजून कुणी घेतलेली नाही. ती मी घेतेय.